कृपया उद्धृत करू नये

आपल्या शोधनिबंधाचा कुणी आधार घेतला, म्हणजे आमच्या भाषेत सायटेशन मिळालं, की संशोधकाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. टिपणीसबाई मात्र चिडायच्या. सकाळी प्रयोगशाळेत आल्या की पर्स खुर्चीला अडकवून आधी संगणक उघडायच्या. एका ठरावीक निबंधाला नवं सायटेशन दिसलं की म्हणायच्या, "घ्या! आणखी एक फसला." मग चहा बाजूला ठेवून त्या माणसाला, तो जगात कुठेही असो, ईमेल धाडायच्या : "तो निबंध मी मागे घेतला आहे. कृपया उद्धृत करू नये."

बाई असेंद्रिय रसायनशास्त्राच्या, आणि मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. त्या खडकीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या. वाया घालवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. भांड्यात गरगरत द्रावण ढवळणारी टेफ्लॉनच्या आवरणाची चुंबकाची कांडी असते ना, तीही त्या स्वतः ॲसिडने धुऊन, खिडकीशी धरून, निरखून डब्यात ठेवायच्या. नवी मागितली की विचारायच्या, "का? जुनी संपावर गेलीय?"

त्यांचं नाव झालं ते लोखंडामुळे. औषधं बनवताना लागणारी एक अभिक्रिया पॅलेडियम या महागड्या धातूशिवाय होत नसे. बाईंनी ती लोखंडाच्या संयुगाने करून दाखवली. जगभर बोलबाला झाला. संस्थेच्या अहवालात पहिलं नाव त्यांचं असायचं. बाहेर काही जणांना ती अभिक्रिया जमत नव्हती, पण आपलाच हात कच्चा, असं समजून ते गप्प बसले होते.

मग एकदा माझी जुनी कांडी हरवली आणि बाईंनी नाइलाजाने नवी दिली. अभिक्रिया होईना. "पुन्हा कर," बाई म्हणाल्या. पुन्हा केली, पुन्हा काही नाही. मला रडू यायला लागलं. तेव्हा बाईंनी स्वतः ॲप्रन चढवला. त्यांच्याही हातून होईना. त्यांनी नवी कोरी कांडी बाहेर काढून खिडकीशी धरून निरखली. मग त्यांनी डब्यातली एक जुनी, ओरखडे पडलेली कांडी घेतली, लोखंड मुळीच घातलं नाही, आणि अभिक्रिया झाली!

ती कांडी पूर्वी पॅलेडियमच्या प्रयोगांत वापरलेली होती. ओरखड्यांत चिकटलेलं कणभर पॅलेडियम धुण्याने निघालं नव्हतं. बाई स्टुलावर बसल्या. "लोखंडाने काहीच केलं नाही गं," त्या म्हणाल्या. "केलं ते माझ्या काटकसरीने." त्यांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांकडे गेल्या. कांड्यांचा डबा घेऊन मीही सोबत होते. संचालक हादरले. "मॅडम, आपलं नाव पुरस्कारासाठी गेलंय. निवृत्ती तोंडावर आलीय. आता कशाला उकरून काढायचं?"

"उकरायला आधी पुरावं लागतं, साहेब. ते मी करणार नाही."

"अहो, पण एवढी सायटेशन्स! एवढं नाव!"

"नाव तर पोलीस ठाण्याच्या फळ्यावरही लागतं."

निबंध मागे घेतला गेला. चूक माझी, विद्यार्थ्यांची नव्हे, असं बाईंनी त्यात स्वच्छ लिहिलं. पुरस्कार अर्थातच गेला. पण मागे घेतलेला निबंधही लोक न बघता उद्धृत करतच राहिले, आणि बाईंचं ईमेलसत्र सुरू झालं. मी एकदा वैतागून विचारलं, "बाई, असं किती जणांना लिहिणार?"

"शेवटच्या माणसापर्यंत. प्रत्येक सायटेशनमागे एखादं पोर भांड्याशी रडत बसलेलं असतं. तू नव्हतीस बसलीस?"

एकदा एका परदेशी मुलीचं उत्तर आलं. स्वतःला नालायक समजून ती संशोधन सोडायला निघाली होती. बाईंच्या ईमेलने थांबली. बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हिला आधीच कळवायला हवं होतं." त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

निवृत्तीनंतर बाई आजारी पडल्या. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न, "आज कुणी फसलं?" शेवटच्या भेटीत त्यांचा क्षीण आवाज ऐकून मी म्हणाले, "आहे एक, पण राहू दे आज." त्यांनी डोळे वटारले. "राहू दे काय? लिही." मी तिथेच, त्यांच्या पलंगाशी बसून लिहिलं.

बाई जाऊन आता बरेच दिवस झाले. प्रयोगशाळेत त्यांच्या खुर्चीवर मी बसते. आज सकाळी संगणक उघडला, तर आणखी एक फसलेला दिसला. मी चहा बाजूला ठेवला.