लिंबामागचा रस्ता

अक्षर वाईट आहे, लिहिण्यात चुकाही असतील, माफ करा.

कारंज्याच्या ढाब्यावर मी पोळ्या लाटायची. रोज जेवायला येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं हेल्मेटवर बांधायचा जुना कॅमेरा घेतला. पैसे संपले, म्हणून माझ्या भरवशावर उधार जेवू लागला. जेवतानाही हेल्मेट मांडीवरच ठेवायचा.

एकदा धीर करून विचारलं, "काऊन घेतला, भाऊ?"

"बाबा ट्रक चालवत होते, आता खाटेवर आहेत. त्यायले हा रस्ता दाखवतो, ताई."

पण दृष्ट लागू नये म्हणून त्यानं कॅमेऱ्यालाही लिंबू-मिरची बांधली. घरी चित्रण लावून पाहिलं, तर सगळीकडे समोर लिंबूच डोलत होतं!

"मग बाबा काय म्हणाले?"

"लिंबू कसं हललं, त्यावरून वळणं ओळखून राह्यले," मान तिरकी करून दाखवत तो म्हणाला, आणि त्यानं सगळी उधारी चुकती केली.