डभोईहून परतीचा वारा

ड्रोनने कुठून आणि किती उंचीवरून जावं म्हणजे बॅटरी पुरेल, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहिते. बडोद्यातल्या आमच्या छोट्या कंपनीने डभोईच्या एका दवाखान्यातून शहरातल्या प्रयोगशाळेत तपासणीचे नमुने आणायची चाचणी घेतली, तेव्हा मार्ग माझ्याच प्रोग्रॅमने आखले होते. जाताना ड्रोन रिकामा, येताना ओझं, हे सगळं त्यात धरलेलं होतं. वाऱ्याचा अंदाज मात्र सकाळी एकदाच घेतला जाई.

मे महिन्यातली दुपार. आमचा पायलट दवाखान्याच्या गच्चीवर होता, मी रावपुऱ्यातल्या ऑफिसात. तोही मराठीच, पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते अशा घरातला. त्याचा फोन आला.

“ताई, पश्चिमेचा वारा जोरात सुटलाय. आज गाडीने पाठवू या.”

“पोचल्यावर बॅटरीचे वीस टक्के उरतायत,” मी म्हणाले.

“तुमच्या स्क्रीनवर उरतायत. इथे माझी टोपी उडून गेली.”

मी हसले. एक उड्डाण चुकलं तर चाचणीत खाडा पडणार होता. तो साहेबांना नको होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. “सोड ड्रोन,” मी म्हटलं.

अर्ध्या वाटेवर बॅटरीचे आकडे भराभर उतरायला लागले. समोरून वारा, पोटाशी ओझं. प्रोग्रॅमने शेवटी एका नांगरलेल्या शेतात उतरायचं ठरवलं, पण जमीन जवळ आली असतानाच बॅटरी संपली आणि ड्रोन आदळला.

पायलट शोधत पोचेपर्यंत दीड तास गेला. डबा फुटला होता. रक्त पुन्हा काढता आलं असतं. पण त्यात एका बाईंच्या छातीतल्या गाठीचा, सुईने काढलेला तुकडा होता. बाटलीतलं औषध सांडून तो तापल्या मातीत वाळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी डभोईला गेले. जा असं कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी त्या बाईंना बोलावून घेतलं. पन्नाशीच्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. वाऱ्यामुळे झालं, असं मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, “आमचा माणूस नको म्हणत होता. मी पाठवायला लावलं.”

 त्या गुजरातीत हळूच म्हणाल्या, “बेन, ती सुई टोचून घ्यायला मी महिनाभर धीर गोळा केला होता. आता तो परत कुठून आणू?”

आठवड्याने पुन्हा तुकडा काढला तरी काही बिघडत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. पण त्या आल्या अठरा दिवसांनी. त्या वेळचा तुकडा मी स्वतः बसने, मांडीवर डबा घेऊन बडोद्याला आणला. निदान वाईट निघालं. उपचार लगेच सुरू झाले.

“त्या अठरा दिवसांनी फरक पडला का?” मी डॉक्टरांना फोनवर विचारलं.

“ते कुणीच सांगू शकणार नाही,” ते म्हणाले.

आता प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी वारा तपासतो, आणि पायलट नको म्हणाला तर ऑफिसातून कुणालाही ड्रोन उडवता येत नाही. साहेब पाहुण्यांना ही सुधारणा कौतुकाने दाखवतात. तेव्हा मी काहीतरी काम काढून बाहेर जाते.

मधूनमधून त्या बाईंच्या घरी फोन करते. सून उचलते, “सारुं छे”, बरं आहे, म्हणते. मी दवाखान्यातून बोलते आहे असं तिला वाटतं. मी तो समज अजून दूर केलेला नाही.