देवीच्या दारातल्या चपला
काल आईबरोबर भाईंदरजवळच्या आमच्या मुर्धा गावी गेले, तिथे ओहोटीच्या वेळी खाडीच्या खारट चिखलाचा वास आला आणि मला एकदम आम्ही दोघींनी पाहिलेलं अथेन्स आठवलं. ते शहर मला अर्धंच आवडलं होतं, हे मी आजही ठामपणे सांगते. जिथे तिथे नावं-घोषणा फासून रंगवून ठेवलेल्या भिंती, जेवणात मिरचीचा पत्ता नाही, आणि टेकडीवरच्या त्या जगप्रसिद्ध देवळाशेजारी क्रेन, आमच्या नवघरला बांधकामांवर असते तशीच. पण उन्हात ते संगमरवरी खांब सायीसारखे पिवळसर दिसले आणि मी तक्रारी विसरले. आई मात्र खांबांकडे बघतच नव्हती. देवीचं देऊळ आहे एवढं ऐकल्याबरोबर तिने चपला काढून कडेला नीट ठेवल्या आणि तापलेल्या दगडावर हात जोडून उभी राहिली. अर्धा जन्म मिठागरात अनवाणी गेलेला, तिला कसला चटका बसतोय! रखवालदार शिट्टी फुंकत आला आणि चपला घाला म्हणून खुणा करू लागला. भाईंदरच्या बाजारात बोलावं तसं ती त्याला म्हणाली, "भाईसाब, मंदिर है ना?" मी ओशाळून पुटपुटले, "आई, आत मूर्ती नाहीये. कधीच गेली." "मूर्ती न्हाय म्हणून काय झाला? जागा तर तिचीच हाय ना?" नमस्कार पुरा झाल्यावरच तिने चपला घातल्या. आमच्या जुन्या मिठागराच्या जागी आता टॉवर उभा आहे, काल त्याच्या गेटपाशी आई थांबली आणि तिने चपला काढल्या. वॉचमन बघत राहिला. या वेळी मी माझ्याही काढल्या.