पिवळा शर्ट अडला तेव्हा

सत्कार म्हटला की मी दाराजवळची खुर्ची धरतो. शाल, नारळ, कोमेजलेल्या झेंडूचा तो आंबूस वास, आणि 'दोन शब्द' म्हणून उठलेला, खाली बसायचं नाव न घेणारा माणूस. मी निवृत्त झालो त्या दिवशी कचेरीत माझाही सत्कार झाला. साहेबांनी माझ्या अंगावर शाल घातली आणि मी तसाच मोरीकडे जाऊन ओकून आलो. लोक म्हणाले, उन्हामुळं असेल. ऊन वगैरे काही नव्हतं.

मी मूळचा मुदखेडकडचा. बारावीला आपटलो म्हणून मला लातूरला मामांच्या किराणा दुकानात आणून बसवलं होतं. मामा कपाळाला भस्म लावल्याशिवाय दुकानाचं कुलूप काढत नसत आणि माझ्याकडे बघून उसासा टाकल्याशिवाय गल्ल्यावर बसत नसत. त्याच साली लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, रोज कशाचं तरी उद्घाटन. आणि त्याच साली पावसानं दगा दिला. उन्हाळा लागला तसा नळ आठवड्यातून एकदा नुसता फुसफुसायचा.

आमच्या गल्लीत जळकोटकडचा एक जण खोली करून राहायचा. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी तेलाचे रिकामे डबे बांधून तो गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणायचा आणि घरोघरी घालायचा. सगळे त्याला पाणीवाला म्हणत. पाठीतून कळा यायच्या त्याला, पण मांड्या लोखंडाच्या होत्या. पाणी वाहणाऱ्याला पोरगी कोण देणार, असं त्याची आई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी शाळेतले पीटीचे सर राहत. त्यांच्या रेडिओवर परदेशी केंद्रं लागायची आणि ते ऐकलेलं सगळं आम्हाला ओट्यावर बसून सांगत. फ्रान्सात तीन आठवडे सायकलची शर्यत चालते, रोजचा वेळ मोजून बेरीज करतात आणि ज्याचा वेळ सगळ्यांत कमी त्याला पिवळा शर्ट घालायला देतात, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. एका ऑस्ट्रेलियन गड्यानं तो शर्ट बरेच दिवस अंगावर ठेवला होता. युरोपाबाहेरच्या माणसाला आदल्या सालापर्यंत तो कधी मिळालाच नव्हता, आणि आदल्या सालीही तो यानंच मिळवला.

"तिकडं बी आपल्यासारखाच कोरडा मुलूख हाय," सर म्हणायचे. "मेंढरं आन् धुरळा. तरी गडी पुढं गेला."

सरांच्या डोक्यात किडा शिरला. नव्या जिल्ह्यातून तीन दिवसांची सायकल शर्यत काढायची. नव्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांना कल्पना भलतीच आवडली. शिंप्याकडून एक पिवळा शर्ट शिवून आणला. पहिला येईल त्याला नव्या कचेरीत शिपाई म्हणून घेऊ, असं साहेब चारचौघांत बोलून गेले. पाणीवाल्यानं त्याच दिवशी सायकलचे डबे सोडून ठेवले. मला मामांच्या उसाशांतून सुटायचं होतं, त्याला जन्माच्या पाण्यातून. त्याची गरज मोठी होती आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी लातूर ते अहमदपूर. तो पुढं गेला तो गेलाच, मला दिसलासुद्धा नाही. साहेबांनी त्याला पिवळा शर्ट घातला. दुसऱ्या दिवशी अहमदपूरहून जळकोटवरून उदगीर, आणि तिथं आमच्या लोकांनी आमच्या लोकांसारखंच केलं. पिवळ्या शर्टाचा मान मोठा, हे गावोगाव पोचलं होतं. मग काय, गाव आलं की रस्त्यात आडवी माणसं. पिवळा शर्ट दिसला की उतरव खाली, घाल हार, फोड नारळ, म्हण दोन शब्द. शर्यत चालू आहे आणि पुढच्या माणसाला थांबवलं तर तो पुढचा राहत नाही, एवढं साधं कुणाच्या टाळक्यात येईना. आम्हाला मागच्यांना कोण विचारतो? आम्ही बाजूनं निघून जायचो. सर जीपमधून ओरडून ओरडून घसा बसवून बसले. तरी संध्याकाळी उदगीरला बेरीज केली तेव्हा पाणीवालाच पुढं होता. फक्त आता चारच मिनिटांनी, आणि दुसरा मी.

शाळेच्या पटांगणात सरांनी आम्हाला गोळा केलं.

"तिकडं पिवळा शर्टवाला सोताच्या चुकीबिगर अडला, तर बाकीचे त्याच्यासाठी थांबत्यात," ते म्हणाले. "कुठं लिवलेलं न्हाई. पर थांबत्यात. उद्या ध्यानात ठेवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पाणीवाल्यानं माझ्याकडे बघून हसून मान हलवली.

तिसऱ्या दिवशी लातूरकडे निघालो ते आम्ही दोघंच पुढं, बाकीचे मैलभर मागं. जीप एका गावात अडकली होती, कारण तिथं खुद्द साहेबांचाच सत्कार चालला होता. निम्म्याहून जास्त वाट सरली आणि एका गावाच्या वेशीत पुन्हा माणसं आडवी आली. या वेळी नुसता हार नव्हता. पितळी परात, तांब्या, हळदकुंकू आणि पाण्यानं भरलेली घागर. आम्हा लिंगायतांत जंगम स्वामी घरी आले की असे त्यांचे पाय धुतात. सायकलवाल्याचे धुवायला निघालेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. परातीच्या मागं बायका उभ्या होत्या, कडेवर रिकाम्या घागरी घेऊन. टँकरसाठी सकाळपासून ताटकळलेल्या. त्या भरल्या घागरीवरून एकीचीही नजर हलत नव्हती.

पाणीवाल्यानं परातीतून पाय मागं घेतला.

"पाय नका धुवू. ते पानी या बायांना द्या."

"पाहुणे, गावचा मान हाय," सरपंच म्हणाले. "पाय धुतल्याबिगर सोडायचो न्हाई तुमाला."

"मान ऱ्हाऊ द्या. पानी सांडू नका."

सरपंचांचं तोंड उतरलं, मग लाल झालं. चार जणांनी सायकलचं हँडल धरलं. त्यानं माणसांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. थांब, एवढंच. मी एक पाय जमिनीला टेकवला होता. मनात म्हटलं, एवढी अक्कल असेल तर घेईल पाय धुऊन आणि येईल मागून. मग मी पाय उचलला आणि पॅडल मारलं. वळण आलं, मी मागं पाहिलं नाही.

लातुरात मी त्याच्या आधी दहा-बारा मिनिटं पोचलो. तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात एकही हार नव्हता आणि पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले होते. त्यानं शर्ट स्वतःच उतरवला, उलटा झाला होता तो सुलटा केला आणि सरांच्या हातात दिला. सरांनी मला घातला. ओला होता. माझा सत्कार झाला, मी दोन शब्दही बोललो. काय बोललो ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नोकरी लागली. शिपायाचं पहिलं काम म्हणजे साहेबांच्या खोलीतला माठ भरून ठेवणं, आणि कचेरीत पाणी घालायला रोज सकाळी तोच यायचा. चार डबे उतरवायचा, मी झाकण काढून धरायचो, तो ओतायचा. पुढच्या पावसाळ्यात तो गावाकडे निघून गेला.

मग घरात टीव्ही आला, केबल आली, आणि मी दर जुलैत ती फ्रान्सची शर्यत बघायला लागलो. पिवळ्या शर्टात ऑस्ट्रेलियन अधूनमधून दिसायचे. एक तर अगदी शेवटच्या आदल्या दिवशी पुढं गेला आणि शर्यतच जिंकला. त्याच्या पुढच्या साली कुण्या हलकटानं डोंगरातल्या रस्त्यावर खिळे टाकले आणि त्याच ऑस्ट्रेलियनाचं चाक बसलं. तेव्हा पिवळा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर होता. त्यानं घोळक्याला वेग कमी करायला लावला. सगळे हळू झाले, तो येईपर्यंत. एवढी मोठी शर्यत, एवढी माणसं, आणि एकालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मला माझीच इतकी किळस आली की मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून जळकोटची एसटी धरली. पाणीवाला घरापुढं म्हशीला कडबा टाकत होता. पाठीत वाकला होता. मला ओळखलं, बाज पुढं ओढली. इकडचं तिकडचं झालं आणि मग मी म्हणून टाकलं, "त्या दिशी मी थांबायला पायजे होतं."

"हाव," तो म्हणाला. "पायजे होतं."

थोडा वेळ तो कडबा सारखा करत राहिला.

"तू वळणावर थांबलास आसंच मला वाटलं," तो म्हणाला. "म्हणून तर त्या सरपंचासंगं हुज्जत घालत बसलो. न्हाई तर पाय धुऊन घेऊन कवाच निघालो आसतो."