खुणेचा दगड

जैसलमेरच्या पुढे वाळवंटात एक ओस पडलेलं गाव पाहायला गेले होते. पडक्या घरांच्या मागे जमिनीत जागोजागी खड्डे दिसले. सोबतचा म्हातारा उंटवाला म्हणाला, "बाईसा, गाव सोडताना लोकांनी इथे सोनं पुरलं, असं सगळे सांगतात. चपटा दगड दिसला की ती खूण समजून खणतात."

"कुणाला सापडलं का?"

"सोनं नाही सापडलं." तो पायाने एका खड्ड्यात वाळू लोटू लागला. "आमच्यात तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात."

माझ्या पाठची बहीण आठ दिवसांची होऊन गेली, तिलाही ओढ्याकाठी पुरलं होतं. त्या वाटेने आई पुढे कधी गेली नाही, पण भाजी निवडता निवडता तिची नजर तिकडे लागायची. या गावच्या बायकाही जाताना किती वेळ मागे वळून पाहत राहिल्या असतील! कुणीतरी ते दुरून पाहिलं असेल आणि त्याला वाटलं असेल, मागे सोनं राहिलंय.

खड्डा भरला. बाजूला फेकलेला दगड उचलून मी त्यावर ठेवायला वाकले, तसा म्हातारा घाईने म्हणाला, "नको, बाईसा. दगड दिसला की परत खणतील."

माझ्या हातातून घेऊन त्याने तो दूर नेऊन टाकला. वारा सुटला होता. तो परत येईपर्यंत खड्डा नेमका कुठे होता, ते मलाही सांगता आलं नसतं.