वहिनींच्या हाताला लागेल असं यंत्र

माझ्या थोरल्या दिरांनी आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत आणलेली नाही. आधी ते ती वस्तू पुठ्ठ्याची करतात, मग काही महिने तिच्याबरोबर राहतात, आणि पटलं तर खरी आणतात. कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं होतं तेव्हा त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमबाहेर त्याच मापाचं खोकं उभं होतं. खोक्याला दारही होतं. एकदा कामाच्या मावशींनी त्यात खरोखरच धुणं टाकलं आणि घरातले टॉवेल आठवडाभर बेपत्ता झाले. मी याच्या अगदी उलट. वस्तू लागली की कागदावर चार रकाने आखायचे, संध्याकाळपर्यंत ठरवायचं, दुसऱ्या दिवशी दुकान गाठायचं. भावजी म्हणतात, "तू बाजारात जात नाहीस, तपासणीला जातेस."

अशा माणसाकडे विमान असावं हा पुणे शहरावरचा विनोद आहे. चार खुर्च्यांचं, एका पंख्याचं ते जुनं विमान मित्रांच्या भागीदारीत घेतलेलं; मित्र एकेक करून कंटाळले आणि ते भावजींच्या गळ्यात राहिलं. शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर ते उभं असतं. भावजी मात्र जमिनीवरही विमानातच असतात. भाच्याच्या वास्तुशांतीला हिंजवडीला निघालो आणि रीतसर तुंबलो, तेव्हा ते सगळा वेळ आकाशाकडे बघत होते. "वरून गेलो असतो तर एव्हाना जेवून परत आलो असतो," एवढंच बोलले. रिक्षावाल्याला ते डावं-उजवं सांगत नाहीत, अंश सांगतात. स्वारगेटला एका रिक्षावाल्याने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "काका, टिळक रोड की सातारा रोड, तेवढं सांगा. बाकीचं मी बघतो."

त्यांचा खरा जीव ढगातून उडण्यात. ढगात शिरलं की बाहेर काही दिसत नाही. समोरच्या पॅनेलवरचे काटे सांगतील ते खरं मानायचं. भावजी काट्यांवर विश्वास ठेवत, त्याहून जास्त वहिनींवर. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शाळेत भूगोल शिकवायच्या. रविवारी त्या उजव्या खुर्चीत नकाशा मांडीवर घेऊन बसत, रेडिओचे नॉब फिरवत आणि पुढची दिशा नि उंची सांगत. भावजी नुसतं "पुढचं?" म्हणायचे. वहिनी सांगायच्या, मग विमान वळायचं. मी मागे बसून उलटीची पिशवी सांभाळायची. त्या दोघांना इतकं कमी बोलून इतकं नीट वागताना मी जमिनीवर कधी पाहिलं नाही.

विमानातली जुनी यंत्रणा थकली तेव्हा पॅनेलमध्ये बसवायचा जीपीएस नॅव्हिगेटर घ्यायचं ठरलं. उपग्रहांवरून वाट काढून पडद्यावर दाखवणारं, जाडजूड पुस्तकाएवढं यंत्र. मी उत्साहाने रकाने आखले आणि संध्याकाळी निकाल दिला: मोठा रंगीत पडदा, बोटाने चालणारा, सर्वांत नवीन. भावजींनी तो वाचला, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवला.

मग जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं पॅनेल उभं राहिलं. त्यात आज एका यंत्राचं पुठ्ठ्याचं तोंड, उद्या दुसऱ्याचं. शेजारी टेबलफॅन पूर्ण वेगात, म्हणजे विमानात बसल्यासारखं वाटावं. वर कोणीतरी टेबल गदागदा हलवायचं, म्हणजे ढगात शिरल्यासारखं वाटावं. हलवण्याचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. त्या हलण्यात आमटीची वाटी एकदा वादळात सापडली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, टेबल रिकामं होईना. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला शिकलो.

"भावजी, सगळं जग पडद्यावर बोट फिरवतंय," मी म्हटलं.

"जग जमिनीवर उभं राहून फिरवतंय. मला नॉब हवेत. जाड, खाचा असलेले."

"असलं यंत्र आता जुनं झालंय हो."

"मीही झालोय. मला बदललंस का?"

मी ते 'हट्ट' या रकान्यात टाकून दिलं. मग एका दुपारी डबा द्यायला गेले, तर पुठ्ठ्याच्या पॅनेलसमोर भावजी नव्हते, वहिनी होत्या. पुठ्ठ्यात जुन्या रेडिओचा खरा नॉब बसवला होता. वहिनींना कंपवात होऊन वर्ष उलटलं होतं. आम्ही सगळे त्याबद्दल हळू आवाजात बोलायचो. त्यांनी पडद्याऐवजी लावलेल्या काचेच्या तुकड्यावर बोट टेकवलं, ते भलतीकडेच गेलं. नॉब मात्र धरता आला. हात थरथरत होता, पण खाचांचा आधार मिळाला की फिरवणं जमत होतं. भावजी त्यांच्या खुर्चीपासून नॉबपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजत होते. मला बघून म्हणाले, "डबा टेबलावर नको ठेवू. तिथे विमान आहे."

शेवटी नॉबवालं यंत्र आलं. विमान दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरला भावजींनी ते पॅनेलच्या उजव्या टोकाला, वहिनींच्या गुडघ्यांसमोर बसवायला सांगितलं. इंजिनिअरने आराखडा पाहिला आणि परत दिला.

"साहेब, एवढं लांब बसवलं तर ढगात जायची मंजुरी मिळणार नाही. हे वैमानिकाच्या नजरेसमोर लागतं."

"वाचून दाखवणारी माझ्या शेजारी बसते."

"त्यांना मंजुरीच्या कागदावर कुठे लिहू?"

भावजींनी आराखडा पुन्हा उलगडला. इतके महिने त्यांनी एकेक खाच तपासली होती, पण यंत्र वहिनींच्या पुढ्यात बसवता येणार नाही हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. उजवीकडे बसवलं तर ढग सुटत होते. मध्ये बसवलं तर वहिनी.

आम्ही वहिनींना गाडीतून घेऊन गेलो आणि खुर्चीत बसवलं. इंजिनिअरने यंत्र मध्यावर, नियमात बसेल तितकं उजवीकडे धरून ठेवलं. वहिनींनी हात लांबवला. हात पोचला, पण लांबवलेल्या हाताची बोटं काही नॉबवर ठरेनात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि हात पदराखाली घेतला.

"राहू दे," भावजी म्हणाले. "आपण स्वच्छ हवेतच उडू."

"अहो, स्वच्छ हवेत रस्ता तुम्हाला खिडकीतूनही दिसतो. एवढं टेबल अडवलंत ते कशासाठी? बसवा मध्ये." मग इंजिनिअरकडे वळून म्हणाल्या, "यांना विचारत बसू नका, पुढची दिवाळी येईल."

यंत्र मध्ये बसलं, मंजुरी मिळाली. ढगाळ रविवारी आम्ही निघालो, मी माझ्या नेहमीच्या जागी. वर जाताच खिडक्या पांढऱ्या झाल्या. नॉब आता भावजीच फिरवत होते. वळायची जागा जवळ आली की पडद्यावर नवी दिशा लिहून यायची. मला मागूनही दिसत होती. भावजींनी ती पाहिली आणि विचारलं, "पुढचं?"

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं आणि सावकाश वाचून दाखवलं. त्यांचं वाचून संपेपर्यंत भावजींनी हात हलवला नाही. मग विमान वळलं.

अजूनही ते तसेच उडतात. या दुखण्यात आवाजही खाली जातो, हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. आम्ही तिघं कानाला हेडफोन लावून एकमेकांचं ऐकतो, आणि वहिनींचा शब्द आता इंजिनाच्या घरघरीत जेमतेम वेगळा काढता येतो. मागच्या खेपेला भावजींनी आवाज वाढवायला हात नेला, तर तो आधीच शेवटापर्यंत वाढवलेला होता. मग हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून धरता येत नाही, एक हात विमानाला लागतो, म्हणून एकाच हाताने एक कान दाबला, मान उजवीकडे झुकवली, आणि पुन्हा विचारलं, "पुढचं?"