पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं

माझा धाकटा भाऊ गेल्यानंतरही देवघरासमोर बसणं मी सोडलं नव्हतं, पण त्या बसण्यात काही राहिलं नव्हतं. हात फुलं वाहायचे, ओठ स्तोत्र म्हणायचे आणि मन बाहेर ओट्यावर जाऊन बसलेलं असायचं. तो पुण्याला दवाखान्यात होता तेव्हा मी देवीला काय काय बोलले नव्हते? मंगळवार धरले, अनवाणी चालले, पदर पसरून मागितलं. तरी तो गेला. तेव्हापासून एकच प्रश्न मनात ठाण मांडून होता: त्या वेळी ऐकलं नाहीस, तर आता मी कुणाशी बोलते आहे? हा प्रश्न मी कुणाला बोलून दाखवला नाही. आमच्या ह्यांना तर नाहीच. हे कधी देवदेव करणारे नव्हते. अवसरीत आमची शेती, दावणीला चार जनावरं, त्यात ह्यांचा दिवस जायचा. पण माझी पूजा चालू असली की हे गोठ्यातला रेडिओ बारीक करायचे.

आमची मुलगी मुक्ता पुण्यात नोकरी करते. दिवाळीनंतर तिनं आमच्यासाठी एक सहल ठरवली. आंबेगावच्या पश्चिमेला डिंभे धरणाचं पाणी डोंगरांच्या मधून लांबवर आत शिरलेलं आहे. त्या पाण्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरावर वाटाड्याबरोबर चढायचं, माथ्यावरच्या देवीचं दर्शन घ्यायचं, वाटाड्याच्या घरी जेवायचं, मग पलीकडच्या उतारानं पाण्यापाशी उतरायचं आणि संध्याकाळी होडीतून परत यायचं, असा बेत होता. डिंभे आमच्याच तालुक्यातलं, पण मी कधी त्या बाजूला गेले नव्हते. देवीचं दर्शन आहे म्हणून आईला आवडेल, असं मुक्ताला वाटलं. मी तिचं मन मोडलं नाही.

आम्ही तिघं आणि पुण्याचं एक तरुण जोडपं, एवढेच लोक होतो. वाटाड्याचं नाव किसन. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोलणं कमी. चढताना तो माझ्याकडे न बघताच माझ्या पायाला जमेल अशी वाट काढत होता. माथ्यावर दगड रचून केलेल्या आडोशात शेंदूर फासलेला तांदळा, देवीचा बिनघडीव गोटा होता, छप्पर नाही, घंटा नाही. खाली निळं पाणी पसरलेलं. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मुक्तानं विचारलं, काय मागितलंस? मी म्हटलं, काही नाही. ते खरंच होतं. मागायला तोंडच उघडत नव्हतं.

किसनच्या घरी त्याच्या बायकोनं शेणानं सारवलेल्या ओटीवर पानं मांडली. नाचणीची भाकरी, वालाची आमटी, ठेचा आणि त्यांच्याच खाचरातल्या तांदळाचा भात. हे पोटभर जेवले. भाताला वास कसा आहे, कुठलं वाण, किती पिकतो, असं किसनला विचारत बसले. ह्यांना इतकं मोकळं बोलताना मी फार दिवसांनी पाहत होते. निघताना किसनच्या बायकोनं माझ्या ओटीत मूठभर तांदूळ घातले आणि म्हणाली, परत या.

उतार दाट झाडीतला होता. अर्ध्याहून जास्त उतरलो असू. एका कड्याखालून वाट जात होती आणि कड्याला आग्या मोहोळाची मोठाली पोळी लटकत होती. किसननं आम्हाला आधीच सांगितलं होतं, इथून बोलायचं नाही, थांबायचं नाही. आम्ही तसेच गेलो. पण वरून एक घार आली आणि तिनं पोळ्यावर झडप घातली. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. आधी आवाज आला, जसं कुणी भरली गोणी ओतावी. मग काळं काहीतरी कड्यावरून सुटलं. "बसा, तोंड झाका," किसन म्हणाला. त्यानं खांद्यावरचं घोंगडं माझ्यावर आणि मुक्तावर टाकलं. ते जोडपं झुडपात शिरलं. हे मागे होते. ह्यांच्याकडे झाकायला डोक्यावरच्या टोपीशिवाय काही नव्हतं.

माश्या पांगल्या तेव्हा सगळ्यांनाच थोडंफार चावलं होतं. ह्यांच्या मानेवर आणि हातांवर काटे रुतले होते. मी नखानं ते खरवडून काढले. हे हसले, म्हणाले, शेतात काय कमी चावतात का? आम्ही पुढे निघालो. थोडं चाललो नाही तोच हे थांबले. हात खाजवायला लागले. अंगावर गांधी उठल्या होत्या. मग म्हणाले, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. आवाज बदलला होता. मी तोंडाकडे पाहिलं तर ओठ सुजून वाकडे झालेले, डोळे मिटत चाललेले. हे खाली बसले ते बसलेच.

किसननं एकदा ह्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ वळवून खाली वाकला. "पावणं, गळ्यात हात टाका," एवढंच म्हणाला. आमच्या ह्यांचं शरीर भारी. तो माणूस त्यांना पाठीवर घेऊन त्या निसरड्या उतारावरून खाली निघाला. मागून आम्ही. मुक्ता दर थोड्या अंतरावर फोन वर धरून बघत होती. रेंज नव्हतीच. परत वर वस्तीवर जाऊन गाडी गाठायची म्हटलं तर उरलेली दुपार गेली असती. खाली पाणी, पण आमची होडी संध्याकाळी यायची होती. हे सगळं प्रत्येकाला कळत होतं. मला फक्त ह्यांचा श्वास ऐकू येत होता. शिट्टी वाजावी तसा आत जाताना अडकणारा.

काठावर पोचलो. किसननं ह्यांना सपाट खडकावर उतरवलं. ह्यांचे हात गार पडले होते आणि रंग मातीसारखा झाला होता. पाणी दूरपर्यंत रिकामं. आणि त्या रिकाम्या पाण्यात, पार मधोमध, एक होडी आमच्याकडे पाठ करून पलीकडच्या काठाकडे चालली होती. तिच्या इंजिनाचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. किसन पाण्यात गुडघाभर शिरला आणि त्यानं तोंडाशी हात धरून हाळी दिली. डोंगरात गुरं हाकताना देतात तशी लांब, सुरातली हाळी. त्या जोडप्यानं अंगातली जाकिटं काढून हलवली. मुक्ता ओरडून ओरडून घोगरी झाली. होडी चालतच राहिली. इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार?

मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या तोंडून हाक निघाली नाही, नवस निघाला नाही. भावाच्या वेळी जे शब्द बोलले होते ते सगळे आठवत होते, पण एकही उचलवेना. कुणाशी भांडावं, कुणाला आमिष दाखवावं, एवढंही बळ नव्हतं. मनात एवढंच आलं की आई, हा माणूस माझा आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. तो तुझा आहे. ठेवायचा तर ठेव, न्यायचा तर ने. मी इथे बसले आहे. असं म्हटल्यावर मला बरं वाटलं असं नाही. भीती होती तेवढीच होती. पण मी ह्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिले.

आणि इंजिनाचा आवाज बंद झाला.

पाण्यावर एकदम शांतता पसरली. होडी तिथेच डोलत उभी राहिली. होडीवाला मागे वाकून काहीतरी खटपट करताना दिसत होता. किसननं श्वास भरून घेतला आणि पुन्हा हाळी दिली. ह्या वेळी होडीतलं एक माणूस उठून उभं राहिलं. निळी साडी होती. तिनं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं, मग होडीवाल्याच्या खांद्याला हात लावला. होडीचं तोंड वळायला लागलं, पण इंजिन काही सुरू होईना. होडीवाल्यानं वल्हं घेतलं. दुसऱ्या वल्ह्यावर ती बाई बसली. ती दोघं वल्हवत येत होती आणि इकडे ह्यांची छाती एकेका श्वासासाठी झगडत होती. पाण्यावरचं एवढंसं अंतर इतकं लांब असतं हे मला त्या दिवशी कळलं.

होडी काठाला लागायच्या आत ती बाई पाण्यात उतरली. तिच्या हातात निळ्या रंगाचा लसीचा डबा आणि खांद्याला पिशवी होती. त्या भागातल्या उपकेंद्राची ती नर्स. पाण्यापलीकडच्या वाड्यांवर बाळांना डोस द्यायला ती होडीनं जायची. किसन तिला ओळखत होता. "सिस्टर, आग्या चावल्यात. ह्यांना सोसना," त्यानं सांगितलं. तिनं ह्यांची नाडी पाहिली, ओठ पाहिले, श्वास ऐकला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. पिशवीतून तिनं एक छोटी पेटी काढली. लस घेतल्यावर एखाद्या बाळाला ती सोसली नाही, एकदम श्वास कोंडला, तर द्यायचं इंजेक्शन त्या पेटीत असतं, हे मला नंतर समजलं. कुपी फोडताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हे मी आजवर कुणाला दिलेलं नाय. पण दुसरं काय आपल्या हातात नाय. देऊ?"

"द्या," मी म्हटलं.

तिनं ह्यांच्या मांडीत सुई दिली. पाय उचलून दगडावर ठेवायला लावले. मग आम्ही सगळे नुसते बघत बसलो. किसन पाण्यातच उभा होता, त्याला बाहेर यायचं सुचलंच नव्हतं. मग ह्यांच्या श्वासातली शिट्टी थोडी खाली आली असं मला वाटलं. माझ्या मनाचा खेळ असेल म्हणून मी पुन्हा कान देऊन ऐकलं. नर्सनं मनगट धरलेलंच होतं. ती म्हणाली, "नाडी लागतेय." थोड्या वेळानं ह्यांनी डोळे किलकिले केले आणि पाणी मागितलं. मुक्ता खडकावर बसून ढसाढसा रडली.

एवढ्यावर भागणार नव्हतं. इंजेक्शनचा जोर उतरला की त्रास पुन्हा उसळू शकतो, लवकर दवाखाना गाठायला हवा, असं नर्सनं सांगितलं. ह्यांना होडीत निजवलं. नर्स, मुक्ता आणि मी बसलो. ते जोडपं संध्याकाळच्या होडीसाठी किसनबरोबर काठावर थांबलं. होडीवाल्यानं इंजिनाची दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. तो स्वतःच दचकला. "मघाधरनं वढून वढून हात गेलं माझं," तो म्हणाला. "कचरा आडकला आसंल, निघाला." धरणाच्या बाजूला रेंज आली, मुक्तानं फोन केला, रुग्णवाहिका काठावर येऊन उभी राहिली, घोडेगावला दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांना घरी सोडलं. चेहरा सुजलेला होता, पण भाताचं ते बियाणं किसनकडून आणायला सांगत होते.

तो रविवार होता, आणि नर्स रविवारी कधीच त्या पाण्यावर नसते. नेमाच्या दिवशी होडी नादुरुस्त होती, बाळांचे डोस राहिले होते, म्हणून तिनं आपली सुट्टी मोडून ती फेरी केली होती. हे मला नंतर कळलं. मुक्ता म्हणते, योगायोग. हे म्हणतात, त्या बाईचे उपकार. मी दोघांशीही वाद घालत नाही. दोघांचंही खरं आहे.

थोड्या दिवसांनी ह्यांना घेऊन मी नर्सला भेटायला उपकेंद्रावर गेले. घरून मासवड्या करून नेल्या होत्या, साडीही नेली होती. मासवड्यांचा डबा तिनं घेतला, साडी घेतली नाही. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला धरून खुर्चीवर बसवलं. मग तिनं जे सांगितलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. म्हणाली, "ताई, मी लई घाबरले व्हते. हात कापत व्हते. जास्त झालं तर काय, उलटं झालं तर काय. तुमी रडारड केली असती तर माझ्याच्यानं सुई टोचली नसती. तुमी निवांत बसला व्हता, म्हणून मला धीर आला." मी निवांत नव्हते. मी फक्त सगळं सोडून दिलं होतं. पण त्या सोडण्याचा आधार, मला माहीतही नसताना, तिच्या हाताला मिळाला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत मी हेच मनात घोळवत होते. भाऊ का गेला आणि हे का राहिले, ह्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. ज्या बहिणीचा भाऊ जातो, तिची हाक कमी पडलेली असते असं मी आता मानत नाही. हे राहिले म्हणून माझी भक्ती मोठी होती, असंही नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की मी मागायचं आणि तिनं द्यायचं, एवढंच आमच्यातलं नातं. त्या खडकावर मागणं संपलं. तरी काहीतरी उरलंच होतं, आणि जे उरलं ते माझ्याहून मोठं होतं. किसनच्या पाठीत होतं, त्या बाईच्या कापणाऱ्या हातात होतं, आणि क्षणभर ह्यांच्या कपाळावर फिरणाऱ्या माझ्या हातातसुद्धा होतं.

आता सकाळी देवीसमोर बसते तेव्हा फार काही बोलत नाही. ज्यांना मी माझे म्हणते त्यांची नावं एकेक करून घेते आणि प्रत्येक नावापुढे म्हणते, हाही तुझा, हीही तुझी. काही नावांना अजून जीभ अडखळते. तशी अडखळली की थांबते, आणि पुन्हा म्हणते.